कन्हार, बरडी आणि चार चाकं

रोवणीच्या दिवसांत गोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही पांदणीवर तासभर उभं राहिलं, तर टायरांबद्दल जेवढं कळतं तेवढं कुठल्याही दुकानात कळत नाही. पऱ्ह्यांच्या पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर येतो, मागची मोठी चाकं दोन्ही बाजूंना चिखल फेकत पुढे निघून जातात. त्याच्या मागून एखादी उंच, जड, फोर बाय फोर गाडी येते. टायर नवे, रुंद, काळेभोर. पन्नास पावलं चालते आणि थांबते. चारही चाकं फिरत राहतात, गाडी मात्र जागची हलत नाही. उतरून पाहिलं तर टायरच्या खाचा दिसतच नाहीत. सगळ्या चिखलानं लिंपल्या गेलेल्या असतात आणि चाकाचा गुळगुळीत लाडू झालेला असतो.

गेल्या आषाढात मी अशाच एका गाडीत होतो. मित्राची गाडी, वजन दोन टनांच्या वर, टायर महिनाभरापूर्वी घेतलेले आणि महागाचे. गाडी धुऱ्याला लागून फसली. शेजारच्या बांधीत चिखलणी करणारा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी बांधायच्या आधी त्यानं टायरवर पायाचा अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हवा सोडा थोडी. मग ओढतो." चारही चाकांची हवा जवळजवळ अर्ध्यावर आणली. साखळी ताणली गेली, ट्रॅक्टरनं जेमतेम आधार दिला आणि गाडी जवळजवळ आपल्याच जोरावर बाहेर आली. टायर तेच होते, चिखलही तोच होता. त्या दिवसापासून मी टायरकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो, आणि हा लेख त्याच दिवसाचा आहे.

जड गाडीला ऑफ-रोड टायर कोणता घ्यावा, हा प्रश्न दुकानात विचारला की उत्तर नक्षीवरून सुरू होतं. माझ्या मते ते जमिनीवरून सुरू व्हायला हवं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गोरेगावची एक बाजू बांध्यांची आणि मामा तलावांची, दुसरी नागझिऱ्याच्या जंगलाकडे चढत जाणारी. एकाच सकाळी गाडीला डांबर, मुरूम, गाळ आणि दगड असं सगळं भेटतं.

आपल्या जुन्या माणसांनी जमिनीला दिलेली नावं टायर घेणाऱ्यानं पाठ करावीत अशी आहेत. कन्हार म्हणजे काळी, भारी, चिकट जमीन. पाणी पडलं की साबणासारखी होते आणि वाळली की भेगाळते. मोरांड तिच्याहून हलकी, चुनखडीचे खडे मिसळलेली. सिहार पिवळसर, रेतीचा अंश असलेली; ओली असताना मऊ आणि उन्हात विटेसारखी टणक. खर्डी उथळ. आणि बरडी म्हणजे उतारावरची, दगडगोट्यांची माळजमीन. शेतकरी या नावांवरून कुठे काय पेरायचं ते ठरवतो. गाडीवाल्यानं त्यांच्यावरून टायर ठरवावा, कारण कन्हारीत टायर हरतो ते खाचा भरल्यामुळे, आणि बरडीवर हरतो ते बाजू फाटल्यामुळे. ही दोन दुखणी निराळी आहेत, त्यांचं औषधही निराळं आहे.

बाजारात जड चारचाकीसाठी मोटामोटी तीन जातींचे टायर मिळतात. एच/टी म्हणजे रस्त्याचा टायर. खाचा बारीक, रबर जास्त, आवाज कमी. ए/टी म्हणजे सगळीकडे थोडंथोडं चालणारा, रस्ता आणि कच्चा दोन्ही सांभाळणारा. एम/टी म्हणजे चिखलाचा, ज्याला आपल्याकडे बटन टायर म्हणतात. मोठमोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये बोट सहज जाईल एवढ्या रुंद खाचा, खांद्यापर्यंत उतरलेली नक्षी. बटन टायर दिसायला दणकट असतो, आणि गाडी सजवणारे बहुतेक जण त्याच्यापाशीच थांबतात.

ठोकळा चिखलात रुतून मागे रेटा देतो, हे काम डोळ्यांना दिसतं. खाचेचं काम दिसत नाही, पण तितकंच मोठं असतं. चाक वर येताना खाचेत अडकलेला चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे, म्हणजे पुढच्या फेरीला ठोकळा पुन्हा उघडा होऊन रुतेल. ही सफाई चाकाच्या फिरण्यानं होते. चाक दुप्पट वेगानं फिरलं तर चिखलाला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. बटन टायरच्या रुंद खाचा थोड्या वेगातही रिकाम्या होतात, ए/टीच्या अरुंद खाचांना जास्त फिरावं लागतं आणि एच/टीच्या तर भरल्या की भरल्याच. पण चाक फिरवण्यालाही मर्यादा आहे. गाडी पुढे न जाता चाक नुसतं फिरत राहिलं तर ते खाली खड्डा खणतं. अ‍ॅक्सल जमिनीला टेकला, की मग जगातला कुठलाही टायर उपयोगाचा नाही.

चिखलाचा खरा जाणकार टायर आपल्या शेतातच आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांना नक्षीनुसार ठरावीक खुणा असतात. नेहमीच्या शेतीच्या टायरला आर-१ म्हणतात. आर-२ हा ऊस आणि भात यांच्यासाठीच घडवलेला टायर. त्याचे दांडे आर-१ च्या जवळपास दुप्पट खोल असतात. दांडे तिरपे, मध्यावर टोक आणि बाहेर पसरलेले. टोक आधी मातीत शिरतं आणि चिखल कडेकडेनं बाहेर ढकलला जातो. म्हणूनच तो उलटा बसवला तर ओढ कमी होते. भातशेतीसाठी जगभर वेगळा टायर लागतो, ही गोष्ट धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला अभिमानानं माहीत असावी. असे शेतीचे आणि खाणीचे टायर महाराष्ट्रातही बनतात. बीकेटी या नावानं विकणाऱ्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, आणि त्यांचे बरेचसे टायर परदेशांत जातात.

हवेचा टायर ट्रॅक्टरला आला तोही फार जुना काळ नव्हे. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं हवेच्या टायरांवर ट्रॅक्टर विकायला काढला. तोवर दातेरी लोखंडी चाकं होती. आपल्याकडे चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला जे केजव्हील लावतात, ते त्याच लोखंडी चाकांचं भाऊबंद आहे. बांधीत ते उत्तम काम करतं. डांबरी रस्त्यावर तेच चाक तसंच आणलं तर रस्ता ओरबाडून निघतो, आणि गावाचा रस्ता एका हंगामात उखडतो.

बांधीकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या बांधीत वरचा थर लोण्यासारखा असतो, पण वीतभर खाली माती दाबून दाबून घट्ट बसलेली असते. पाणी धरून ठेवतो तो हाच थर. अशा ठिकाणी अरुंद, उंच चाक वरचा लोण्यासारखा चिखल कापत खाली जातं आणि त्या घट्ट थराला धरतं. जुन्या खासरांची चाकं आठवा. उंच, अरुंद, लोखंडी धाव ठोकलेली. ती पांदणीत रुतायची, पण तळाला टेकून पुढे जायची. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा टायरही ६.०० - १६ मापाचा, म्हणजे जेमतेम वीतभर रुंदीचा होता, आणि त्याची नक्षी पुढे-मागे दोन्हीकडे सारखी ओढणारी होती. तो काटकुळा टायर घालून त्या जीपा युद्धभर चिखल तुडवत राहिल्या.

मग रुंद टायर कशाला? जिथे खाली घट्ट तळ नाही तिथे. नदीची रेती, तलावाच्या काठचा गाळ, खोल भरावाची कन्हार. इथे रुतून काही हाती लागत नाही, वर तरंगावं लागतं, आणि तरंगायला पसारा लागतो. म्हणजे रुंद की अरुंद हा वाद निव्वळ टायरचा नाही, चिखलाच्या खोलीचा आहे. काठीनं चिखल मोजून पाहणारा शेतकरी हेच करत असतो. वीतभरावर काठी टेकली तर गाडी जाईल, हातभर आत गेली तर परत फिरा.

आता त्या मुलानं अंगठ्यानं दाबून पाहिलेली हवा. माझ्या लेखी हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. २४०० किलोची भरलेली गाडी घ्या. प्रत्येक चाकावर साधारण ६०० किलो. टायरमध्ये ३२ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोचा दाब. ६०० ला सव्वादोननं भागलं तर टायर जमिनीला टेकतो ती जागा येते सुमारे २६७ चौरस सेंटिमीटर. आपलं साधं पोस्टकार्ड साधारण १२५ चौरस सेंटिमीटरचं असतं. म्हणजे दोन पोस्टकार्डांएवढ्या जागेवर ६०० किलो. हवा १८ पौंडांवर आणली की दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोच्या आसपास दाब उरतो आणि टेकणारी जागा ४७० च्या वर जाते. जवळजवळ चार पोस्टकार्डं. टायरच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात हे गणित इतकं तंतोतंत उतरत नाही, पण दिशा हीच. आणि ही वाढ मुख्यतः लांबीत होते. टायर आडवा पसरण्यापेक्षा उभा लांबतो, त्यामुळे जास्त ठोकळे एकाच वेळी मातीला धरतात, तरी पुढचा चिखल ढकलण्याचं काम फारसं वाढत नाही. पैसे न मोजता टायर दुप्पट मोठा करण्याचा हा उपाय आहे.

त्याची शिस्त मात्र पाळावी लागते. हवा कमी केली की टायरची वजन पेलण्याची ताकदही कमी होते आणि बाजू जास्त वाकून तापते. म्हणून कमी हवेवर गाडी बैलगाडीहून थोडीच वेगात चालवायची. पंधरा पौंडांच्या खाली गेलं तर वळणावर टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. डांबर लागलं की थांबून हवा पुन्हा भरायची. यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवा मोजण्याचा गेज या दोन वस्तू बटन टायरांच्या चार-पाच जोड्यांपेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. हवा मोजायची ती गाडी उभी राहून थंड झाल्यावर, सकाळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, म्हणून ती सोडून देणारे पुष्कळ आहेत. मग रात्री तोच टायर कमी हवेवर धावतो.

जड गाडीच्या बाबतीत नक्षीच्या आधी वजनाचा आकडा वाचायला हवा. टायरच्या बाजूवर एक ओळ असते. समजा तिथे २४५/७५ आर १६ १११ एस असं छापलंय. २४५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ७५ म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ इंचांची रिम. दुकानात बहुतेक जण इथपर्यंतच वाचतात. त्यानंतरचा १११ म्हणजे हा टायर १०९० किलो पेलतो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. १०० हा आकडा असेल तर ८०० किलो, १०९ असेल तर १०३० किलो. हे सगळं पूर्ण हवेवर. आता एक साधा हिशेब. सात माणसं, मागे धानाची चार पोती, वर टपावर सामान. गाडीचं वजन २६०० किलोवर गेलं. त्यातला मोठा भाग मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. तिथे १५०० किलो आले तर एका चाकावर ७५०. अशा गाडीला १०० आकड्याचा टायर म्हणजे काठावरचा. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं, की क्षणभर त्याहून कितीतरी जास्त भार त्याच्यावर येतो. माप तेच असतानाही आकडा वेगळा असू शकतो, म्हणून कंपनीनं गाडीला दिलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर कधीच घेऊ नये.

काही टायरांच्या मापापुढे एलटी अशी अक्षरं असतात. हे हलक्या मालगाड्यांच्या धर्तीवरचे टायर. आतले थर जास्त, बाजू जाड. जड गाडीला आणि दगडाळ वाटेला ते फार चांगले. पण तेवढंच वजन पेलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. सवयीनं जुनीच हवा भरली तर तो दणकट टायर अर्ध्या ताकदीवर चालतो. पंक्चरवाल्याला हे सांगावं लागतं. तो विचारतो, "किती टाकू भाऊ?" आणि आपण बोलून जातो, "तीस टाक."

बरडीकडे वळू. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना मुरदोलीच्या पट्ट्यात रस्ता सोडून आत शिरलं, की चिखलाचा प्रश्न मागे पडतो आणि काप लागण्याचा पुढे येतो. टायरच्या तळव्याला खिळा लागला तर ट्यूबलेसमध्ये दोरी घालून काम भागतं. बाजू फाटली तर नाही. ती वाकत-ताठत राहणारी जागा आहे, तिथलं ठिगळ टिकत नाही आणि तो टायर टाकूनच द्यावा लागतो. आपल्या जंगलात बाजू फाडणारी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे बांबूचा तिरपा तोडलेला खुंट. दगड घासतो, खुंट मात्र भाल्यासारखा घुसतो. म्हणून या भागासाठी टायर बघताना खालच्या नक्षीइतकाच बाजूचा अभ्यास करावा. बाजूवर आतल्या थरांची संख्या छापलेली असते. दोनऐवजी तीन थर असतील तर ते इथे पैसे वसूल करून देतात. खांद्यावरून बाजूपर्यंत उतरलेले जाड रबराचे ठोकळे चिखलापेक्षा इथे जास्त कामाला येतात. आणि हवा कमी करायची चिखलातली युक्ती इथे जपून वापरावी. फुगलेली बाजू खुंटासमोर आणखी उघडी पडते.

जंगलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला, महाराष्ट्रातला पाचवा. चोरखमारा किंवा पिटेझरी गेटवर उभ्या असलेल्या सफारीच्या जिप्सींचे टायर एकदा निरखून पाहा. अरुंद, साधे, कुठलाही बडेजाव नाही. भर पावसाळ्यात सफारी बंद असते, वाटा मुरमाच्या, चाल मंद, आणि वाघाच्या मुलखात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शांतता. बटन टायर डांबरावर आणि कडक मुरमावर सतत घुमतो. रोज जंगलात जाणारी माणसं दिखाऊ टायर घेत नाहीत, यात घेणाऱ्याला पुरेसं उत्तर आहे.

घुमण्यापेक्षा ओल्या डांबरावरचं थांबणं जास्त गंभीर आहे. बटन टायरचा मोठा भाग खाचांचा, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. उंच ठोकळे ब्रेक मारताना वाकतात. पाणी कापणाऱ्या केसासारख्या बारीक चिरा त्यांच्यावर थोड्या असतात. दोन टनांच्या गाडीला ओल्या रस्त्यावर थांबायला त्यामुळे जास्त अंतर लागतं. गोंदिया ते गोरेगाव रस्त्यावर पावसात समोर म्हशींचा कळप आला, तर त्या वेळी कन्हारीतली ओढ कामाची नसते. शेतात जाणं दिवसातून दोन किलोमीटर आणि रस्त्यावर चाळीस, असा ज्याचा हिशेब आहे त्यानं बटन टायर घेताना घरातल्या माणसांचा विचार करावा.

मोठ्या मापाचा मोहही असाच. बोलेरोचा नेहमीचा टायर २१५/७५ आर १५. त्याची उंची होते सुमारे ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ घेतला तर ७३३. तीस मिलिमीटर जास्त, पण गाडी जमिनीपासून उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर. तेवढ्यासाठी काय द्यावं लागतं? काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे धावत असते. चाक जड झाल्यामुळे चढाला इंजिन दमतं, ब्रेकला जास्त काम पडतं, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डला घासू शकतो. त्यात कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या पलीकडे गेल्यास तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहू शकते. २०२० नंतरच्या थारला कंपनीनंच २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापं दिली. निवडच करायची तर अशा मान्य मापांमध्ये करावी. चिखलाची आणि दगडाची वाट जास्त असेल तर लहान रिम आणि उंच बाजूचा टायर चांगला, कारण हवा कमी केल्यावर लांबायला आणि धक्का पचवायला त्याच्याकडे रबर जास्त असतं.

फोर बाय फोरला आणखी एक नियम आहे, आणि तो न पाळल्यामुळे गिअरबॉक्सची महागडी कामं निघतात. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले हवेत. आपल्याकडच्या बहुतेक जीप जातीच्या गाड्यांत फोरव्हील टाकलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात. मागचे टायर नवे आणि पुढचे घासलेले असतील तर दोन्हींच्या उंचीत फरक पडतो. एक अ‍ॅक्सल दर फेरीला थोडा पुढे, दुसरा थोडा मागे. चिखलात हा ताण चाक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर तो गिअरमध्ये साठत राहतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर फोरव्हील टाकू नये, आणि आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं, म्हणजे स्टेपनीसकट, जागा बदलत फिरवावीत. दोन टायर आत्ता, दोन पुढच्या वर्षी, अशी सोय इथे महागात पडते. त्यापेक्षा जरा स्वस्त कंपनीचे चार एकदम घ्यावेत.

जुनं ते सोनं हे टायरला लागू होत नाही. बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात उन्हात पडून राहिलेला दोन-तीन वर्षांचा टायर नवा म्हणून सवलतीत मिळतो. आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं, बाजूवर बारीक भेगा येतात. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी जड गाडीला ठेवू नये. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयचं चिन्ह २००९ च्या आदेशानुसार बंधनकारक आहे, तेही बघून घ्यावं. झीज ओळखायला खाचेच्या तळाशी लहान उंचवटा असतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. रस्त्यासाठी ती शेवटची खूण आहे. कन्हारीसाठी टायर त्याच्या कितीतरी आधी निकामी झालेला असतो, कारण निम्मी झिजलेली खाच चिखल फेकूच शकत नाही.

मग गोरेगावच्या माणसानं घ्यावं काय? ज्याची गाडी गोंदिया, तहसील, बाजार आणि अधूनमधून शेत अशी फिरते, त्यानं कंपनीच्या मापाचा ए/टी घ्यावा, त्या मापात मिळणाऱ्या सगळ्यात जास्त वजनाच्या आकड्याचा. ज्याची गाडी फक्त उन्हाळ्यात शेतावर जाते, त्याला एच/टी पुरतो. बटन टायर घ्यावा तो ज्याला जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रोज काळ्या जमिनीतून जावंच लागतं त्यानं. परवडत असेल तर वेगळ्या रिमवर चढवून, पावसाळ्यापुरता. जंगलालगत काम करणाऱ्यानं तीन थरांची बाजू शोधावी. आणि पाणी भरलेल्या बांधीत मोटारगाडी घालूच नये. ती जागा ट्रॅक्टरची आहे. गाडीनं पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत पुढे आठवडाभर खासर, सायकल आणि शाळेत जाणारी मुलं अडकत राहतात, आणि फुटलेल्या धुऱ्यातून एका रात्रीत शेजाऱ्याच्या बांधीचं पाणी निघून जातं.

मृग लागायच्या आधी एक सकाळ काढा. स्टेपनी खाली उतरवा, तिच्यावरचे चार आकडे वाचा आणि हवा मोजा.